निर्मळ हास्याचे धनी : चिं. वि. जोशी

रायगड जिल्ह्याचा सागरकिनारा मोठा रमणीय आहे. थळ, किहीम, अलिबाग, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा ही गावे नारळी-पोफळींच्या गर्द वाड्यांतून वसलेली आहेत. या भागाला अष्टागर म्हणतात. तेथून दक्षिणेस गेले म्हणजे मुरूड लागते, आणि आणखी पुढे श्रीवर्धन. अशा या सुंदर मुलुखातील माणसांना एक टोमणा मात्र पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागला आहे. एखाद्याला साधी गोष्ट समजली नाही, की तू अलिबागहून आलास काय, असे त्याला विचारतात. विचारणाऱ्याची घटकाभर करमणूक होते. पण शिक्षणासाठी मुंबई-पुण्यास गेलेल्या अलिबागच्या मुलाला ते ऐकून काय वाटत असेल, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. २०१९ मध्ये अलिबागच्या एका रहिवाशाने या वाक्प्रयोगावर बंदी घालावी, अशी विनंती मुंबई उच्च न्यायालयाला केली होती. न्यायालयाने ती मान्य केली नाही. तेव्हा कोणाला हसावे आणि कसे हसावे, हे ठरवण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.

दुसऱ्याला हसणे फार सोपे असते. चारचौघांत कोणी अडखळला, कोणाचा उच्चार चुकला, कोणाचा सदरा विटलेला दिसला, की हसू आपोआप फुटते. त्या हसण्याने एकाची करमणूक होते आणि दुसऱ्याचे मन दुखावते. याहून निराळे असेही एक हसणे आहे. त्यात माणूस आपल्याच फजितीची हकिकत रंगवून सांगतो. सांगणाराही हसतो, ऐकणारेही हसतात, आणि कोणाच्याच मनाला ओरखडा उठत नाही. हे दुसऱ्या प्रकारचे हसू ज्यांनी महाराष्ट्रातील घराघरांत पोचवले, त्यांचे नाव चिंतामण विनायक जोशी. मराठी वाचक त्यांना चिं. वि. जोशी म्हणूनच ओळखतात.

चिंतामणरावांचा जन्म १९ जानेवारी १८९२ रोजी पुणे येथे झाला. ज्या घरात ते वाढले, ते घर विचारांनी सुधारकी होते. गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ हे पत्र सुरू केले होते. रूढी आणि अंधश्रद्धा यांवर प्रखर टीका करणारे पत्र म्हणून त्याची ख्याती होती. चिंतामणरावांचे वडील विनायकराव यांचा त्या पत्राच्या संपादनाशी संबंध होता. जी गोष्ट बुद्धीला पटत नाही, ती केवळ जुनी म्हणून मानू नये, हा संस्कार अशा घरात मुलावर होणे स्वाभाविकच होते. आगरकरांनी हा विचार तळमळीने आणि कठोर शब्दांत मांडला. चिंतामणरावांनी पुढे तो हसतहसत मांडला.

नूतन मराठी विद्यालयात शालेय शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश केला. तेथे त्यांना एक थोर गुरू लाभले. त्यांचे नाव धर्मानंद कोसंबी. गोव्यातील साखवाळ गावी १८७६ मध्ये जन्मलेल्या धर्मानंदांना बौद्ध धर्माच्या ज्ञानाची विलक्षण ओढ लागली होती. त्या ओढीने ते घर सोडून निघाले, अनेक हालअपेष्टा सोसत थेट श्रीलंकेला पोचले आणि तेथे पाली भाषा शिकले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांच्या विद्वत्तेची कदर केली. धर्मानंदांनी महाराष्ट्रात राहून अध्ययन करावे, म्हणून महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. १९१२ पासून काही वर्षे धर्मानंद फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत असत. गौतम बुद्धाने ज्या काळात लोकांना उपदेश केला, त्या काळच्या लोकभाषेशी पालीचे जवळचे नाते आहे. बौद्धांचे जुने ग्रंथ याच भाषेत जतन झाले आहेत. चिंतामणरावांना या भाषेची गोडी लागली आणि तोच विषय घेऊन ते एम. ए. झाले.

पुढे बडोद्याच्या महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. ज्या सयाजीरावांनी त्यांच्या गुरूंना आधार दिला, त्यांच्याच राज्यात शिष्याची विद्या कामी आली. बडोदे संस्थानाच्या जुन्या कागदपत्रांचे दफ्तर सांभाळण्याची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. पाली शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी इंग्रजीतून पाठ्यपुस्तक लिहिले. ‘शाक्यमुनी गौतम’ या नावाने बुद्धाचे चरित्र लिहिले. दिवसभर पालीची व्याकरणे आणि दफ्तरातील पिवळी पडलेली पाने यांत बुडालेला हा पंडित महाराष्ट्राला पोट धरून हसायला लावील, असे त्या काळी कोणाला सांगितले असते, तर त्याचा विश्वास बसला नसता.

मराठीत विनोदी लेखन त्यांच्या आधीही होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून त्या वाटेची आखणी केली. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्यांच्या त्रिकुटाने समाजातील खुळ्या समजुतींची यथेच्छ थट्टा केली. त्यांच्यामागून राम गणेश गडकरी यांनी ‘बाळकराम’ या नावाने लेख लिहिले. कोटी आणि अतिशयोक्ती यांचा त्यांनी असा वर्षाव केला, की वाचणाऱ्यास दम घेण्यास अवसर मिळू नये. गडकरी १९१९ मध्ये निवर्तले. या दोघांचा विनोद शब्दांच्या करामतीवर बराचसा उभा होता. तो पुरता कळण्यास वाचकाला भाषेची चांगली जाण असावी लागे.

चिंतामणरावांनी निराळी वाट धरली. त्यांनी शब्दांची आतषबाजी केली नाही. घरात आई बोलते, कचेरीत कारकून बोलतात, अशी साधी भाषा त्यांनी वापरली आणि हसण्याचे विषय मध्यमवर्गीय माणसाच्या रोजच्या संसारातून उचलले. पाहुणे येणे, प्रवासाला निघणे, दुखणे काढणे, लग्न जमवणे, नवी वस्तू विकत घेणे, या गोष्टी प्रत्येक घरात घडतात. त्यांत माणसाची जी तारांबळ उडते, ती त्यांनी नेमकी टिपली. अकरा-बारा वर्षांच्या मुलालाही ती भाषा कळत असे आणि ती तारांबळ आपल्याच घरची वाटत असे. म्हणून ही पुस्तके मोठ्या माणसांसाठी लिहिलेली असली, तरी मुलांनी ती केव्हाच आपलीशी करून टाकली. वडिलांच्या उशाशी पडलेले पुस्तक दुपारी मुलाच्या हाती जाई, आणि माजघरातून एकाएकी हसण्याचा आवाज येऊ लागे.

त्यांच्या कथांचा नायक म्हणजे चिमणराव. चिंतामण या नावाचेच ते घरगुती रूप शोभावे असे आहे. चिमणराव हे पुण्याचे एक साधे कारकून. शरीराने किरकोळ, स्वभावाने भित्रे, पण उत्साह मात्र दांडगा. नवी कल्पना डोक्यात आली, की तिच्यामागे धावायचे, आणि ती फसली, की तोंड लपवायला जागा शोधायची, असा त्यांचा क्रम. त्यांचा नात्यातला भाऊ गुंड्याभाऊ हा सर्वस्वी उलट प्रकृतीचा. कमावलेले शरीर, हातात सोटा, मनात येईल ते तोंडावर बोलण्याची सवय, आणि कोणत्याही संकटात उडी घेण्याची तयारी. एकाला जिथे पाऊल टाकण्याची भीती वाटते, तिथे दुसरा धाडकन शिरतो, आणि मग दोघांचीही फजिती होते. चिमणरावांची पत्नी काऊ, मोरू, राघू आणि मैना ही मुले, असा सगळा परिवार या कथांतून वावरतो. घरातील मुलेही कधी अशा काही शंका विचारतात, की मोठ्या माणसांचा शहाणपणा उघडा पडावा.

या कथांतील सर्वांत मोठी खुबी अशी, की चिमणराव आपली कहाणी स्वतःच्याच तोंडाने सांगतात. लेखकाने दुरून बोट दाखवून, पाहा हा कसा मूर्ख आहे, असे म्हटले असते, तर वाचक हसला असता आणि विसरून गेला असता. येथे चिमणराव आपल्या चुका आपणच सांगतात. कित्येकदा आपण चुकलो, हेही त्यांना कळलेले नसते. ते वाचकाला मात्र कळते. त्यामुळे वाचक हसतो आणि हसता हसता त्याला आपलीही एखादी तशीच फजिती आठवते. चिमणरावांविषयी त्याच्या मनात तिरस्कार उत्पन्न होत नाही. ते आपल्याच शेजारी राहणारे, आपल्याच नात्यातले गृहस्थ आहेत, असे वाटू लागते.

स्वतःला हसण्याची ही वृत्ती चिंतामणरावांच्या पुस्तकांच्या नावांतही दिसते. १९३२ मध्ये त्यांचे ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ प्रसिद्ध झाले. उसाच्या गुऱ्हाळात गोड रस निघतो; एरंडाची कांडे चरकात घातली, तर काय निघणार? नुसती कुरकुर. व्यर्थ चाललेल्या बडबडीला मराठीत एरंडाचे गुऱ्हाळ म्हणतात, आणि लेखकाने तेच नाव आपल्या पुस्तकाला दिले. पुढच्याच वर्षी ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ आले. चऱ्हाट म्हणजे लांबलचक दोर. न संपणाऱ्या कंटाळवाण्या गोष्टीलाही तोच शब्द लावतात. १९३६ मध्ये ‘वायफळाचा मळा’ निघाला, म्हणजे ज्याच्या फळांचा काही उपयोग नाही असा मळा. नंतरच्या पुस्तकांत ‘आणखी चिमणराव’, ‘ओसाडवाडीचे देव’, ‘गुंड्याभाऊ’ आणि ‘रहाटगाडगे’ यांचा समावेश होतो. आपले पुस्तक फार मोलाचे आहे, असे सांगणारे लेखक पुष्कळ असतात. आपल्या लेखनाला निरुपयोगी बडबड म्हणून वाचकाच्या हाती देणारा पंडित विरळा. वाचकांनी या एरंडातूनच भरपूर गोड रस काढून घेतला.

चिंतामणरावांचा पालीचा अभ्यास आणि त्यांचा विनोद या दोन गोष्टी वरवर पाहता एकमेकींपासून फार दूर वाटतात. त्यांचा संबंध पाहायचा, तर जातककथांकडे वळले पाहिजे. बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या कथांची संख्या ५४७ आहे. त्यांत राजे आणि व्यापारी आहेत, तसेच हत्ती, माकडे, कासवे आणि बगळेही आहेत. चिंतामणरावांनी १९३० मध्ये ‘जातकांतील निवडक गोष्टी’ हे पुस्तक मराठी वाचकांना दिले. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ त्यानंतर दोन वर्षांनी आले.

जातकांत एका माळ्याची कथा आहे. वाराणसीच्या राजाच्या बागेचा हा माळी. एकदा नगरात उत्सव होता आणि त्याला तो पाहण्याची इच्छा झाली. बागेत माकडे राहत असत. माळ्याने त्यांच्या नायकाला विनंती केली, की आज माझ्या बदली तुम्ही रोपांना पाणी घाला. माकडांनी आनंदाने कबूल केले. नायक मोठा काटकसरी होता. पाणी वाया जाऊ नये, म्हणून त्याने आज्ञा केली, की प्रत्येक रोप आधी उपटून त्याचे मूळ पाहावे. मूळ लांब असेल, तर पुष्कळ पाणी घालावे, आखूड असेल, तर थोडे. माकडांनी ही आज्ञा तंतोतंत पाळली आणि सगळी बाग उजाड झाली. अष्टागरात ज्यांच्या घरी वाडी आहे आणि ज्यांनी पोफळीची कोवळी रोपे जपली आहेत, त्यांना ही कथा ऐकून हसूही येईल आणि हळहळही वाटेल.

या माकडांच्या मनात वाईट काहीच नव्हते. त्यांना माळ्याला मदतच करायची होती. चांगले करायला जाऊन घोटाळा करून ठेवणे, हा चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांचाही स्वभाव आहे. जातककथा मूर्खपणाला हसते, पण मूर्खाचा द्वेष करीत नाही. सर्व प्राण्यांविषयी करुणा बाळगावी, ही बुद्धाची शिकवण तिच्या मुळाशी आहे. चिंतामणरावांच्या विनोदातही तोच ओलावा आहे. दुबळा, गरीब किंवा अडाणी माणूस त्यांच्या थट्टेचा बळी होत नाही. थट्टा होते ती खोट्या प्रतिष्ठेची, ढोंगाची, उसन्या ऐटीची आणि डोळे मिटून पाळल्या जाणाऱ्या रूढींची. वडिलांच्या घरी मिळालेला सुधारकी विचार आणि गुरूंकडून मिळालेली बुद्धाची करुणा, या दोहोंचा संगम त्यांच्या हास्यात झालेला दिसतो.

मुलांच्या दृष्टीने या हास्याचे मोल विशेष आहे. बारा-तेरा वर्षांचे वय मोठे हळवे असते. उंची एकदम वाढते, आवाज फुटतो, हातून वस्तू पडतात, आणि सगळे जग आपल्याकडे पाहून हसत आहे, असे वाटू लागते. वर्गात उत्तर चुकले, तर पुन्हा हात वर करण्याचे धैर्य होत नाही. अशा वयात एखाद्या मुलाच्या हाती चिमणरावांची कहाणी पडली, म्हणजे त्याला मोठा दिलासा मिळतो. वयाने वाढलेला, संसार करणारा हा गृहस्थही पदोपदी चुकतो, फजीत होतो, आणि दुसऱ्या दिवशी नव्या उत्साहाने कामाला लागतो, हे तो पाहतो. चूक झाली म्हणजे सारे संपले, असे नसते, ही गोष्ट उपदेशाच्या दहा पाठांनी जितकी पटत नाही, तितकी चिमणरावांच्या एका फजितीने पटते.

चिमणराव पुस्तकाच्या पानांतच राहिले नाहीत. चिंतामणरावांच्या कथेवर मास्टर विनायक यांनी १९४० मध्ये ‘लग्न पहावे करून’ हा बोलपट काढला. १९४२ मध्ये ‘सरकारी पाहुणे’ हा दुसरा बोलपट आला. मुंबई दूरदर्शनचे प्रक्षेपण १९७२ मध्ये सुरू झाले, आणि त्याच दशकाच्या अखेरीस चिमणराव व गुंड्याभाऊ यांची मालिका त्यावर दिसू लागली. दिलीप प्रभावळकर यांनी चिमणरावांची आणि बाळ कर्वे यांनी गुंड्याभाऊची भूमिका केली. त्या काळी ज्या घरी दूरदर्शनचा संच असे, तेथे आळीतील मुले दाटीवाटीने बसून कार्यक्रम पाहत. ज्यांच्या आजोबांनी चिमणरावांची पुस्तके वाचली होती, ती नातवंडे आता त्यांना डोळ्यांनी पाहून हसू लागली.

हे भाग्य पाहण्यास चिंतामणराव हयात नव्हते. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. अखेरच्या वर्षांतही त्यांची लेखणी थांबली नव्हती. १९६१ मध्ये ‘हास्यचिंतामणी’ आणि १९६२ मध्ये ‘बोरीबाभळी’ ही विनोदी पुस्तके आली, आणि ज्या वर्षी ते गेले, त्याच १९६३ मध्ये ‘बुद्धसंप्रदाय व शिकवण’ हा त्यांचा गंभीर ग्रंथ प्रसिद्ध झाला. विद्वत्ता आणि विनोद या दोन्ही गोष्टींची साथ त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

त्यांच्या एका पुस्तकाचे ‘रहाटगाडगे’ हे नाव अष्टागरातील जुन्या माणसांना चांगले कळेल. विजेचे पंप येण्यापूर्वी तेथील वाड्यांना विहिरीवरच्या रहाटाने पाणी मिळत असे. रहाटाच्या माळेला गाडगी बांधलेली असत. रहाट फिरू लागला, की भरलेली गाडगी वर येत, पाटात रिती होत आणि पुन्हा खाली जात. आज जे गाडगे वर आहे, ते घटकेने खाली जाणार, आणि खालचे वर येणार. आज ज्याची फजिती झाली, त्याला आपण हसलो, तरी उद्या आपली पाळी येणारच आहे. म्हणून हसताना त्याला आपल्याबरोबर घ्यावे.

अलिबागहून आलास काय, असे उद्या कोणी एखाद्या मुलाला विचारले, तर त्याने खाली मान घालण्याचे कारण नाही, आणि रागाने उत्तर देण्याचेही कारण नाही. होय, तेथूनच आलो, असे सांगून त्याने हसावे आणि आपल्या गावच्या वाडीत, समुद्रावर किंवा शाळेत झालेली स्वतःचीच एखादी गंमतीची फजिती विचारणाऱ्याला ऐकवावी. दोघेही हसतील, आणि कदाचित मित्रही होतील. चिंतामणरावांच्या चिमणरावांनी आयुष्यभर हेच केले.